कुठले अनिवासी?

दगडावर कप ठेवायचा नाही, हा या कुटुंबातला सर्वांत जुना नियम. त्या रविवारी दुपारी आत्याने तो मोडला. चहाचा कप बशीसकट तिने दगडाच्या कडेवर ठेवला आणि थोरल्या भावाकडे, घरच्या थोरल्यांकडे, पाहिले. थोरले काही बोलले नाहीत. प्रकरण किती हाताबाहेर गेले आहे, हे त्यावरून सर्वांना कळले.

दगड म्हणजे कारखान्याच्या माडीवरची ग्रॅनाइटची लादी. जेवणाच्या टेबलाएवढी, वीतभर जाड, आणि इतकी सपाट की एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचा सारा चढउतार केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शात मावावा. आजोबांनी ती आणली तेव्हा माडीवर चढवण्यासाठी भिंत पाडावी लागली होती. भिंत नंतर पुन्हा बांधली. त्यामुळे दगड हलवायचा तर भिंत पुन्हा पाडणे आले. कुटुंब अजून एकत्र का आहे याची कारणे देताना आत्या हे कारण पहिले सांगत असे. तिच्या यादीत माया तिसरी होती. दुसरे कारण तिने कधी सांगितले नाही.

कारखान्यात तयार झालेली प्रत्येक पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची काचनळी, या दगडावर तपासली जाई, आणि घरातला प्रत्येक तंटाही.

तंटा सकाळी सुरू झाला होता. थोरल्यांची पुतणी बुडबुडी हिने न्याहारीच्या वेळी सांगून टाकले होते, की परदेशात एक कंपनी नोंदवायची आहे आणि तिची अनिवासी संचालक म्हणून ती स्वतःचे नाव देणार आहे. 'अनिवासी' हा शब्द कानावर पडताच थोरल्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. पुढचे वाक्य त्यांनी ऐकले नाही. ते ऐकले असते तर हे प्रकरण लिहावे लागले नसते.

अन्य घरांत तो शब्द विशेषण असेल. या घरात तो माणूस होता. मधले भाऊ दोन वर्षांसाठी म्हणून परदेशी गेले, त्याला आता एक पिढी उलटली. त्यांच्या बँकेच्या कागदांवर तो शब्द पहिल्यांदा दिसला, आत्याने तो उचलला, आणि मग "अनिवासींचा फोन आला", "अनिवासींना मुलगी झाली", "अनिवासींचं येणं पुन्हा रद्द" अशी वाक्ये इतकी रुळली, की मधल्यांचे खरे नाव फक्त जुन्या पाकिटांवर उरले. ते गेले तेव्हा थोरले गणिताच्या शेवटच्या वर्षाला होते. कारखान्यात पाणसळींच्या काचा घासायला कुणीतरी हवे होते. थोरले शिक्षण सोडून आले. या दोन वाक्यांमध्ये कार्यकारणभाव आहे असे थोरले कधी म्हणाले नाहीत. मात्र मागच्या हिवाळ्यात थोरल्या काकू वारल्या आणि मधल्यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो घेतला नाही.

"बोल," थोरले म्हणाले. "सकाळी काय सांगत होतीस?"

बुडबुडी स्टुलावर बसली होती. धाकट्या, आता हयात नसलेल्या भावाची ही एकुलती मुलगी. रांगत्या वयात तिला या दगडापाशी बसवले, की पाणसळीतल्या बुडबुड्यामागे डोळे फिरवत ती तासन् तास गप्प बसे. इंजिनिअर होऊन, तिशी ओलांडूनही नाव सुटले नव्हते.

"काका, दुर्बिणी बांधणाऱ्यांना आपली नवी पाणसळ पसंत पडली आहे. पण ते त्यांच्याच देशातल्या कंपनीकडून माल घेतात. उद्या काही बिघडलं तर धरायचं कुणाला, एवढाच त्यांचा प्रश्न. म्हणून तिथे एक कंपनी काढायची. माल इथे बनणार, इथूनच जाणार. विकणार ती कंपनी."

"आणि मी?" दादाने विचारले. थोरल्यांचा हा मुलगा कारखान्याची विक्री पाहत असे. "विक्रीप्रमुख होतो, आता पोस्टमन. पार्सल बांधा, तिकीट लावा."

"तिकीट तरी नीट लावशील," आत्या म्हणाली. "मागच्या वर्षी दक्षिणेचा माल उत्तरेला गेला होता."

"आत्या, तो गाडीवाल्याचा घोळ होता."

"पत्ता तुझ्या अक्षरात होता."

"पुरे," थोरले म्हणाले. "खूण हवी आहे ना तुला?"

वर्तुळात एक आडवी रेघ, ही कारखान्याची खूण. आजोबांनी ती नोंदवली होती आणि त्यांच्यानंतर ती थोरल्यांच्या नावावर झाली होती. तिच्याशेजारी प्रत्येक पाणसळीवर तिचा दोष कोरलेला असे. बिनदोषाची पाणसळ नसते, फक्त न मोजलेली असते, असे आजोबा म्हणत. दोष लिहिलेला असला की तो वजा करून काम करता येते. गिऱ्हाइके सुरुवातीला बिचकत. स्वतःच्या मालाचा दोष स्वतः कोरणारा दुकानदार त्यांनी पाहिला नव्हता. नंतर तीच गिऱ्हाइके दुसरीकडे जाईनाशी झाली.

"हो," बुडबुडी म्हणाली. "खुणेशिवाय ते घेणार नाहीत. त्यांनी तीस वर्षांपूर्वीची आपली पाणसळ अजून वापरात ठेवली आहे. खुणेवरूनच तर आपल्याला शोधलं."

"खूण देणार नाही."

"का पण?"

"का ते तुला माहीत आहे."

"मला खरंच माहीत नाही, काका!"

"भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे," बुडबुडीची आई मध्येच म्हणाली. "कशाला नसती उठाठेव? आहे ते बरं चाललंय."

बुडबुडीने वळून आईकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आश्चर्य होते. आणि आईला राग परवडला असता.

आईला एक गोष्ट ठाऊक होती, जी दगडाभोवतीच्या इतर कुणालाच नव्हती. दुर्बिणीवाल्यांनी बुडबुडीपुढे दोन पर्याय ठेवले होते. कंपनी जमत असेल तर कंपनी. नसेल तर स्वतः या, इथे नोकरी करा, पाणसळ इथेच बनवू. परवा स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता बुडबुडीने हे सांगितले, आणि आईने तीच एक कढई कितीतरी वेळ पुसली. तिचा हिशेब साधा होता. थोरले नाही म्हणतील, विषय मोडेल, मग दोन्ही पर्याय एकदमच बारगळतील आणि सोमवारी सकाळी मुलगी नेहमीप्रमाणे डबा विसरून कारखान्यात जाईल. हिशेबातली चूक तिला आत्ता, स्वतःचेच वाक्य ऐकताना दिसली. पहिला पर्याय मोडला तर दुसरा बारगळत नव्हता. दुसराच तेवढा उरत होता.

पण वाक्य तोंडातून गेले होते, आणि थोरल्यांनी ते आपल्या बाजूला मांडूनही टाकले होते.

"बघ. तुझी आईसुद्धा हेच म्हणते."

"आई माझ्याशी वेगळं बोलली होती."

"काकू शहाण्या आहेत," दादा म्हणाला. "आपण उगाच परदेशात कंपन्या काढायला निघालो. इथल्या नळाची तक्रार आपल्याला करता येत नाही."

"तुझ्यासारख्यांमुळेच येत नाही," बुडबुडी म्हणाली. "तू नाही का तक्रार करायला जाऊन पाणसळ विकून आलास? नळ तसाच गळतोय."

"विकली की नाही?"

आत्याने कप उचलला, एक घोट घेतला आणि पुन्हा दगडावरच ठेवला. आयुष्यभर तिने शाळेत भौतिकशास्त्र शिकवले होते. जो वाद तिसऱ्यांदा त्याच शब्दांत होतो त्यात माहितीची भर पडत नाही, हे तिचे निरीक्षण होते. बुडबुडीची बाजू घ्यायची असे तिने जिना चढतानाच ठरवले होते. पण बाजू घेऊन उपयोग नव्हता. तीन विरुद्ध दोन. आणि खूण एकाच्याच नावावर.

"भाऊ," ती म्हणाली, "उलटवण."

थोरल्यांनी मान वर केली. "आत्ता?"

"मग केव्हा? दगड इथे आहे, माणसं इथे आहेत. बाबा असते तर एव्हाना जागा बदलून झाल्या असत्या."

उलटवण हा शब्द या कारखान्याबाहेर कुणाला कळायचा नाही. पाणसळ खरी आहे की खोटी, हे ओळखायला खरोखर समतल अशी जागा लागत नाही. ती कशाही दगडावर ठेवावी, बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे. मग टोकांची अदलाबदल करून ती त्याच जागी ठेवावी आणि पुन्हा पाहावे. दोन वाचनांत जो फरक पडेल, त्याचा निम्मा म्हणजे पाणसळीचा दोष. दोन्ही वाचनांची सरासरी काढली, की उरतो तो दगडाचा उतार. एकाच बाजूने हजार वेळा पाहिले तरी हे दोन दोष वेगळे होत नाहीत. आजोबांनी हीच रीत माणसांना लावली होती. भांडण अडले, की दोघांनी जागा बदलायच्या आणि प्रतिपक्षाची बाजू लढवायची, जीव लावून. चेष्टा करणाऱ्याला पहिल्यापासून सुरू करावे लागे. माणसांच्या बाबतीत ही रीत किती विश्वसनीय आहे, याची कुणी पद्धतशीर नोंद ठेवलेली नाही.

थोरले उठले. बुडबुडी उठली. ती त्यांच्या हातवाल्या खुर्चीत बसली, ते तिच्या स्टुलावर. स्टूल बुटके होते. थोरल्यांचे गुडघे दगडाच्या वर आले. दादा हसला आणि आत्याने पाहताच थांबला.

"तू आधी," आत्या बुडबुडीला म्हणाली.

बुडबुडीने घसा साफ केला, अगदी थोरल्यांसारखा, दोनदा.

"चेष्टा," थोरले म्हणाले.

"तुम्ही करता तस्सं केलं, काका. त्यात चेष्टा काय?" मग ती गंभीर झाली. "खूण देणार नाही. कारण... कारण खूण म्हणजे शिक्का नव्हे. ती काच मी घासलेली आहे हे सांगणारं ते माझं तोंड आहे. काचनळीच्या पोटातला बाक इतका हलका, की तो पुढे नेऊन वर्तुळ पुरं केलं तर त्रिज्या वीस मीटर भरेल. तो बाक डोळ्यांना दिसत नाही. तो माझ्या हाताला कळतो. आणि माझ्यानंतर कुणाच्या हाताला कळेल, तर या पोरीच्या. दादाला विकता येतं, घासता येत नाही."

"हे काढलंच पाहिजे का?" दादा म्हणाला.

"गप. मी थोरली आहे आत्ता." ती म्हणाली. "म्हणून तिनं कुठे जाऊ नये. आज कंपनी म्हणेल, उद्या म्हणेल तिथे एकदा जाऊन यायला हवं, मग दोन वर्षांसाठी म्हणेल. दोन वर्षं म्हणजे किती, हे या घराला माहीत आहे. माझी हरकत कंपनीला नाहीच. पण हे मी बोलून दाखवणार नाही. मी फक्त खूण देणार नाही म्हणेन आणि पेला खाली ठेवेन."

ती थांबली. हे सारे आपल्याला इतके तंतोतंत माहीत होते, याचे तिला स्वतःलाच नवल वाटले. कुणाशी वाद घालताना आपण त्याचे म्हणणे ऐकत नसतो ही समजूत बहुधा चुकीची असावी. ऐकतो, फक्त वेगळ्या कप्प्यात ठेवतो.

थोरल्यांना स्टुलावर बसणे अवघड होत होते. समोरच एक जुनी पाणसळ होती. त्यांनी सवयीने तिच्या एका टोकाशी बोट धरले. काचेचे ते टोक किंचित तापले आणि बुडबुडा बोटाच्या दिशेने सरकू लागला. बुडबुडा नेहमी उबेकडे सरकतो. त्याला जवळीक कळते असा याचा अर्थ नाही. तापलेल्या बाजूला द्रवाचा पृष्ठताण कमी होतो, इतकेच. हे थोरल्यांना पक्के ठाऊक होते, आणि तरी गेली चाळीस वर्षे विचार करताना ते हेच करत आले होते.

"काका," त्यांनी सुरुवात केली, आणि स्वतःलाच काका म्हणताना अडखळले. "काका, ऐका. चार वर्षं खपून मी ही पाणसळ केली. काचनळी तुमची. पण बुडबुडा कुठे आहे हे आता डोळा वाचत नाही, प्रकाश वाचतो. तुम्ही म्हणालात खेळणं आहे. मग रात्री मी गेल्यावर तुम्ही ती दगडावर ठेवून उलटवून पाहिलीत. दोष तुमच्या स्वतःच्या पाणसळीपेक्षा कमी निघाला. तुम्ही मला सांगितलं नाहीत."

बुडबुडी खुर्चीत ताठ झाली. "खरंच?"

"मध्ये बोलायचं नाही," थोरले म्हणाले. "इथे ही पाणसळ घेणार कोण? गवंडी? त्याला भिंत सरळ हवी, तारे नकोत. मी इथेच राहिले तर माझी अक्कल कपाटात धूळ खाईल. तुमच्या गणितानं खाल्ली तशी. म्हणून मी जाणार. त्यात वाईट काय आहे? माणसाला जावंसं वाटतं. मी तिकडे कंपनी काढणार, तिकडे राहणार, अनिवासी होणार, आणि—"

"थांबा," बुडबुडी म्हणाली. "काका, हे चूक आहे. असं मी म्हटलंच नाही."

"जीव लावून लढवतोय ना तुझी बाजू? मग?"

"पण ही माझी बाजूच नाही! मी जाणार असं कधी म्हणाले?"

"सकाळी. अनिवासी संचालक, म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं."

"हो, अनिवासी. पण कुठली अनिवासी?"

"कुठली म्हणजे?"

"तिथली, काका! कंपनी तिथली. जो संचालक तिथे राहत नाही, तो तिथला अनिवासी. मी इथे राहते म्हणून तर अनिवासी! इथून गेले आणि तिथे राहायला लागले, तर तिथली निवासी होईन."

दादाने बोटांनी हवेतच मोजून पाहिले: इथे, तिथे.

आत्या हसू लागली. तिचे हसणे मोठे नसे. खांदे हलत आणि आवाज मागाहून येई. "एक आख्खी सकाळ," ती म्हणाली. "एक आख्खी सकाळ आपण शब्द उलटा धरून बसलो. माझंच पाप आहे हे. मीच तो शब्द या घरात एका माणसाला चिकटवला."

"पण मग," दादा हळूहळू म्हणाला, "हिला जावं लागणारच नाही?"

"नोंदणी इथून होते. ओळख कॅमेऱ्यावर पटवायची. सह्या इथूनच. कंपनी जाते म्हणून मी राहू शकते. दादा, सकाळपासून मी हेच तर सांगत होते."

"तू 'अनुपालन' आणि 'अधिकृत भांडवल' म्हणत होतीस. त्यातून हे कुणाला कळणार?"

थोरले अजून स्टुलावरच होते. त्यांनी बोट काचेपासून दूर केले. बुडबुडा परतू लागला, पण एकदम नाही; काच निवायला वेळ लागतो.

"आणि कंपनी झाली नाही तर?" त्यांनी विचारले.

उत्तर आईने दिले.

"तर ती जाईल, भाऊजी." आईचे हात मांडीवर एकमेकांत होते. "त्यांनी नोकरी देऊ केली आहे. मला माहीत होतं. मघाशी मी तुमची री ओढली, कारण मला वाटलं, दोन्ही टळेल. तसं होत नाही. तुम्ही नाही म्हटलंत, तर ती जाईल. आणि मी तिला अडवणार नाही."

"हे खरं?"

"त्यांनी विचारलंय," बुडबुडी म्हणाली. "मी हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. तुमच्यावर दबाव नको, म्हणून बोलले नाही."

"दबावाशिवाय काच चिकटते का कधी?" थोरले म्हणाले. त्यांच्या डोक्यात दोन वाचने शेजारी शेजारी होती. तिला जायचे आहे, हे एक. तिला राहायचे आहे, हे दुसरे. दोन्ही त्यांनी एकाच मुलीकडे पाहून घेतली होती. फरक मोठा होता, आणि नियमाप्रमाणे त्याचा निम्मा उपकरणाचा. उपकरण म्हणजे ते स्वतः. इतक्या वर्षांत त्यांनी आपला दोष कुठे कोरून ठेवला नव्हता.

ते उठले, गुडघा चोळला. "खूण देतो," ते म्हणाले. "पण फुकट नाही. दोन अटी. पाणसळ तिथली कंपनी विकू दे, दोष इथेच कोरला जाईल. आणि खूण माझ्या नावावर आहे, तर मीही संचालक."

"म्हणजे भाऊ, तू अनिवासी!" आत्या म्हणाली. "स्टेशनच्या पलीकडे गेला नाहीस कधी."

"नियम आहे ना? जो तिथे राहत नाही, तो."

"बाबा, पण चेहऱ्याची तपासणी असते," दादा म्हणाला. त्याचा स्वर बदलला होता. ज्या धंद्यात वडील संचालक आहेत, त्यात मुलगा पोस्टमन राहत नाही, हा विचार त्याने अजून पूर्ण केला नव्हता, पण खांद्यांपर्यंत तो पोहोचला होता. "माझ्या मित्राने केली होती. कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि ते सांगतील तशी मान डावीकडे कलवायची."

"मान का कलवायची?"

"माणूस जिवंत आहे की फोटो, ते बघायला."

"सरळ मानेचा माणूस जिवंत नसतो?"

"त्यांच्या यंत्राला नाही कळत, बाबा."

"मग त्यांना पाणसळीची गरज आहेच," थोरले म्हणाले. ते विनोद करत आहेत की नाही, हे नेहमीप्रमाणेच कळले नाही.

बुडबुडी हसली, डोळे पुसले, आणि लॅपटॉप उघडून कामाला लागली. नोंदणी, कर, दरवर्षीचा हिशेब, कुठे कुणाची सही, हे ती एकेक सांगत गेली, या वेळी घरच्या शब्दांत. थोरले शंका काढत होते. कंपनी बुडाली तर कारखाना बुडेल का? नाही, दोन्ही वेगळ्या. ते लोक सगळा कर तिकडेच कापतील का? नाही, म्हणून इथला हिशेबनीस आणि तिथला हिशेबनीस आधी एकमेकांशी बोलणार. शंका पूर्वीइतक्याच धारदार होत्या. फक्त आता त्या तिच्या बाजूने बसून काढलेल्या होत्या. आईने कप दगडावरून उचलला आणि खाली पडलेला ओला गोल पदराने टिपून घेतला.

अडले ते पत्त्यापाशी.

"तिथे एक नोंदणीकृत पत्ता लागतो," बुडबुडी म्हणाली. "एक संस्था आहे. वर्षाच्या भाड्यावर पत्ता देते."

"खोली देते?"

"नाही, पत्ताच. पत्रं आली की उघडून आपल्याला पाठवते. एका दारावर शेकडो कंपन्या असतात."

"हे मला पटत नाही," आत्या म्हणाली. दुपारभर बुडबुडीच्या बाजूने असलेली ती एकटीच आता उलट बाजूला सरकली. "दोष कोरून देणारी माणसं आपण. आणि दारावर खोटी पाटी?"

"खोटी नाही, आत्या, कायदेशीर आहे. सगळे करतात."

"सगळे करतात हा पुरावा आहे, की सबब?"

"आत्याचं म्हणणं सोडा," दादा म्हणाला, "पण बँक अडवते. माझ्या मित्राचं खातं तिथेच अडकलं. बँकेने विचारलं, या दारामागे तुमचं माणूस कोण? तो म्हणाला, कुणी नाही. बसला मग हात चोळत. तिथे खरोखर राहणारं कुणी असेल, पत्र हातात घेणारं, तर गोष्ट वेगळी. अगदी घरचा पत्ता चालतो. पण आपलं तिथे—"

तो बोलता बोलता थांबला. आईने पदराचे टोक पाहिले. बुडबुडीने लॅपटॉपच्या झाकणावरची न दिसणारी धूळ झटकली. हा पर्याय तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, आणि तो सुचवायचा नाही, हेही तिने पहिल्याच दिवशी ठरवले होते. आत्या खिडकीबाहेर बघत होती. पण तिचे खांदे ऐकत होते.

"आहे की," थोरले म्हणाले.

आत्याने खिडकीकडून मान वळवली.

"त्याच देशात आपलं माणूस आहे की. पत्र हातात घेईल असं. इतक्या वर्षांत तो इथला नाही राहिला, म्हणजे कुठला तरी झाला असेलच. काय म्हणालीस मघाशी? तिथे राहतो, तो तिथला—"

"निवासी," बुडबुडी हळूच म्हणाली.

"निवासी." थोरल्यांनी तो शब्द उलटवून ठेवल्यासारखा उच्चारला. "नंबर कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," आई म्हणाली. मग क्षणभराने, "पाठ आहे."

थोरल्यांनी भावजयीकडे पाहिले. इतकी वर्षे या घरात फोन कोण घेत होते, मुलगी झाल्याची, येणे रद्द झाल्याची बातमी कुणामार्फत येत होती, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. आताही विचारला नाही. बुडबुडीने आईने सांगितलेले आकडे दाबले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"तिकडे किती वाजले असतील?"

"सकाळ आहे, काका. रविवारची सकाळ. घरी असतील."

घंटा वाजू लागली. थोरल्यांना हातांना काही काम हवे होते. फोन त्यांनी खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हातांनी ती जुनी पाणसळ उचलून दगडावर उलटवून ठेवली. त्यांची मान डावीकडे कलली होती. दादाने ते पाहिले आणि बुडबुडीला कोपराने खुणावले.

पलीकडे कुणीतरी फोन उचलला. माडीवर इतकी शांतता होती की आवाज सर्वांना ऐकू आला. थोडा घोगरा, झोपेतला, आणि घसा दोनदा साफ करणारा.

"हॅलो? कोण बोलतंय?"

थोरल्यांनीही घसा साफ केला.

"अनिवासी," ते म्हणाले.

दगडावर बुडबुडा मधोमध यायला निघाला होता.

"कुठले?" आवाजाने शेवटी विचारले.

"तुझ्याकडचे," थोरले म्हणाले. "तुझा पत्ता हवा होता."